आधी पेज, मग लाडू: बाळंतिणीचा दीड महिना आयुर्वेद कसा पाहतो

बाळंतपणाला दोन-तीन दिवस होतात न होतात तोच लाडवांचा डबा येतो. धावड्याचा डिंक तुपात फुलवलेला, त्यात खारीक, खोबरं, गोडंबी, खसखस, गूळ. "खा, कंबर भरून येईल," असा आग्रह होतो आणि हे सगळं आयुर्वेदात सांगितलेलं आहे अशी घरातल्या प्रत्येकाची खात्री असते. लाडू चांगलेच आहेत. पण चरक किंवा सुश्रुत या जुन्या आयुर्वेदाचार्यांचा ग्रंथ उघडून पाहिला तर पहिल्या दिवसांतलं सांगणं वेगळं आहे: पातळ, कोमट, थोडं थोडं आणि भूक लागल्यावर. जड आणि पौष्टिक नंतर, पायरीपायरीने. आपल्या घरांत पदार्थ टिकून राहिले, पायऱ्या मात्र पुसट झाल्या. बाळंतिणीच्या आयुर्वेदातलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर त्या पायऱ्याच आहेत असं मला वाटतं, म्हणून त्या समजून घेऊ.

वार पडून गेली की त्या बाईला आयुर्वेद 'सूतिका' म्हणतो. हा काळ किती दिवसांचा? 'अष्टांगहृदय' लिहिणारा वाग्भट दीड महिना सांगतो आणि लगोलग दुसरी खूणही देतो: पाळी पुन्हा सुरू होईपर्यंत. आजचं प्रसूतिशास्त्र सहा आठवडे धरतं. बाळंतपणानंतर साधारण एक किलो वजनाचं असलेलं गर्भाशय या सहा आठवड्यांत आकसून शंभर ग्रॅमच्या आत येतं. म्हणजे दोन्हीकडचा हिशेब जवळपास जुळतो.

या काळात एवढं जपायचं का, याचं उत्तर चरकाने शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात दिलं आहे. गर्भ वाढवताना तिचे सगळे धातू, म्हणजे रस, रक्त, मांस असे शरीराचे घटक, झिजलेले आणि सैल झालेले असतात. कळा देऊन, वेदना सोसून, रक्त आणि पाणी जाऊन शरीर रिकामं झालेलं असतं. अशा वेळी झालेला आजार बरा व्हायला अवघड, कधी असाध्यही. सुश्रुत त्यात आणखी एक कारण घालतो: अत्यपतर्पण, म्हणजे गरजेपेक्षा फार उपाशी ठेवणं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: भूक

आयुर्वेदात अग्नी म्हणजे पचवण्याची ताकद. बाळंतपणात ती मंदावते असं ग्रंथ मानतात. ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांना हे सांगायला नको: पोट जड, शौचाला साफ होत नाही, गॅस धरतो, समोर ताट आलं तरी घास जात नाही. सिझेरियन झालं असेल तर आतड्यांची हालचाल पूर्ववत व्हायला आणखी वेळ लागतो.

चरकाचं वाक्य सुरूच होतं ते 'बाईला भूक लागली आहे हे ओळखून' या अटीने. भूक लागल्यावर तिला सोसेल तेवढं तूप किंवा तेल द्यायचं, तेही पंचकोलाचं चूर्ण घालून. पंचकोल म्हणजे पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक आणि सुंठ. ते पचलं की त्याच औषधांत शिजवलेली पातळ, तुपाळ यवागू, म्हणजे आपली पेज, बेताने द्यायची. असे पाच किंवा सात दिवस काढायचे आणि मग 'क्रमाने' पोषण वाढवायचं. मूळ मजकुरातही क्रम हाच शब्द आहे.

हा क्रम कशासाठी, हे पंचकर्मानंतरच्या पथ्याच्या संदर्भात चरकानेच एक दृष्टान्त देऊन सांगितलं आहे. बारीकशी ठिणगी गवत, गोवरीची चूर असं हलकं काही घालत घालत फुलवली तर मोठा, टिकाऊ जाळ होतो. ठिणगीवर एकदम ओंडका टाकला तर ती विझणार हे ज्याने चूल पेटवली आहे त्याला माहीत असतं. दुसऱ्या दिवशीचा डिंकाचा लाडू हा तो ओंडका.

कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज आजारी माणसाला आणि बाळंतिणीला हमखास दिली जाते. देशावर मऊ भात, मुगाचं कढण, वर साजूक तूप. ही माणसं ग्रंथ वाचून स्वयंपाक करत नव्हती, पण पायरी बरोबर धरत होती. घरी एवढंच पाळता येतं: पहिले काही दिवस पेज, कढण, मऊ खिचडी, सुंठ-जिऱ्याचा हलका स्वाद, पोट साफ व्हायला लागलं, सडकून भूक लागायला लागली की भाकरी, पालेभाज्या, डाळी, अंडी-मासे जे घरात चालतं ते, आणि साधारण दुसऱ्या आठवड्यापासून अळिवाची खीर, मेथीचे, डिंकाचे लाडू. चित्रकासारखी तीव्र औषधं मात्र स्वयंपाकघरातून द्यायची नाहीत, ती वैद्याचं काम.

काश्यपसंहितेत यापुढची एक फार शहाणी गोष्ट आहे. हा ग्रंथ मुख्यतः बायका-मुलांच्या आरोग्याचाच. नेपाळमध्ये मिळालेल्या अपुऱ्या ताडपत्री पोथीवरून तो १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून छापून बाहेर आला. काश्यप म्हणतो, सगळ्या बाळंतिणींना एकच उपचार नाही. पाणथळ, दमट प्रदेशातल्या बाईला सुरुवातीला तूप-तेल पाजू नका, आधी मंड, म्हणजे भाताची पातळ निवळ, द्या. कोरड्या प्रदेशात स्निग्ध चालतं. परक्या मुलखातल्या लोकांत मांसरस, कंदमुळं देण्याची रीत असेल तर तीही तो नोंदवतो. त्यामुळे दमट कोकणातल्या माणगावच्या बाळंतिणीला कोरड्या माणदेशातला आहार जसाच्या तसा लादण्यात अर्थ नाही, आणि मटणाचा रस्सा खाणाऱ्या घरातल्या मुलीला 'आयुर्वेदात चालत नाही' म्हणून वरणभातावर ठेवण्यातही नाही.

दुसरी पायरी: वात

वात म्हणजे पोटातला गॅस, एवढाच अर्थ आपण धरून बसलोय. आयुर्वेदात शरीरातली प्रत्येक हालचाल वाताकडे आहे. त्यातला अपान वायू ओटीपोटात राहतो आणि खाली ढकलण्याची कामं करतो: मल, मूत्र, पाळीचा स्राव आणि बाळ. बाळंतपणात त्याच्यावर कमालीचा ताण येतो; शिवाय नऊ महिने भरलेली जागा एकदम रिकामी होते. रिकामी जागा, रक्तस्राव आणि श्रम ही तिन्ही वात वाढण्याची कारणं. म्हणून सूतिकेचे सगळे उपचार ऊब, तेल आणि आधार या तिघांभोवती फिरतात.

चरक सांगतो, पोटाला तूप-तेल लावून मोठ्या स्वच्छ कापडाने वेढावं, म्हणजे वाऱ्याला जागा मिळणार नाही. हीच आपली पोटपट्टी. सैल पडलेल्या स्नायूंना आधार मिळतो, उठताना-खोकताना बरं वाटतं, विशेषतः टाके असताना. पोट 'आत जाण्यासाठी' मात्र ती करकचून बांधू नये. दाब खाली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर जातो आणि ते आधीच ताणलेले असतात.

बाळंतपणानंतर ओटीपोटात येणाऱ्या कळांना सुश्रुताने मक्कल असं नाव दिलं आहे: वायूने अडवलेलं रक्त नाभीखाली गाठ धरतं आणि दुखतं, असं त्याचं वर्णन. आज आपल्याला कळतं की गर्भाशय आकसताना या कळा येतात, बाळ अंगावर पीत असताना ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे वाढतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त जाणवतात. दुखतंय म्हणून पाजणं थांबवायचं नाही, कारण त्याच आकसण्याने रक्तस्राव आटोक्यात राहतो.

मालिश करणारी बाई घरी येते ती तिळाचं किंवा बला तेल घेऊन. नॉर्मल बाळंतपणात, ताप नसेल आणि बाईला बरं वाटत असेल तर अंग, पाठ, पायांना तेल लावून कोमट पाण्याने आंघोळ हा या काळातला मोठा दिलासा आहे. पण महाराष्ट्रात आता चारातलं एक बाळंतपण सिझेरियनने होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा २५.४ टक्के होता. ग्रंथांनी ही शक्यता धरलेलीच नाही. जखम पूर्ण भरेपर्यंत पोटाला मालिश नको, टाक्यांवर तेल किंवा हळद-लेप नको आणि डॉक्टरांनी खाणं सुरू करा म्हणेपर्यंत तूप पाजणं नको. एका पोटरीत दुखत असेल, सूज असेल, ती लाल किंवा गरम लागत असेल तर तिथे अजिबात चोळू नका. ती शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि या सहा आठवड्यांत तो धोका वाढलेला असतो. याच कारणासाठी विश्रांती म्हणजे दीड महिना बाजेवर पडून राहणं नव्हे. घरातल्या घरात चालायला हवं.

काढे आणि बाटल्या

बाळंतिणीच्या औषधांत दशमूळ सगळ्यात पुढे. दहा मुळांपैकी पाच मोठ्या झाडांची: बेल, टेटू, शिवण, पाडळ, ऐरण. पाच लहान झुडपांची: सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू. वात शमवणं, सूज आणि वेदना कमी करणं हे यांचं काम मानलं जातं. प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर सूज कमी करणारे गुण दिसले आहेत. बाळंतिणींवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या मात्र फारशा झालेल्या नाहीत. काढ्याची जुनी रीत अशी: भरड १६ पट पाण्यात घालून मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायची, गाळून कोमट प्यायचा. मोठ्या पाच झाडांचं मूळ काढायचं म्हणजे झाडच जातं, त्यामुळे बाजारात मुळाऐवजी साल येते. म्हणून माल कुठून घेतो याला महत्त्व आहे.

दशमूलारिष्ट वेगळं. ते आंबवून केलेलं असतं आणि त्यात आपोआप तयार झालेलं मद्य असतं. बाटलीवर तसं छापलेलं असतं, वाचा. अंगावर पाजणाऱ्या आईने ते घ्यायचं की साधा काढा, किती आणि पाजण्याच्या वेळेपासून किती अंतराने, हे वैद्याला विचारूनच ठरवावं. दुकानात 'बाळंतकाढा' एक, दोन, तीन नंबरच्या बाटल्यांत मिळतो. त्याचंही तेच: घटक आणि मद्याचा उल्लेख बघून घ्यायचा.

सगळ्यात जास्त काळजी रसौषधींची, म्हणजे पारा-गंधक घालून केलेल्या औषधांची. प्रतापलंकेश्वर रस हे सूतिका रोगांतलं नावाजलेलं औषध. त्यात पारा, गंधक, वत्सनाभ असतं. वत्सनाभ म्हणजे बचनाग, जहाल विष. शोधन करून, म्हणजे त्यातला विषारीपणा कमी करून, वापरायचं असं शास्त्र सांगतं आणि कायद्यानेही अशी द्रव्यं असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीचा इशारा छापावा लागतो. शेजारणीला गुण आला म्हणून अशी गोळी कुणी आणून देत असेल तर घेऊ नका. आणि काहीही आयुर्वेदिक चालू असेल तर ते प्रसूती केलेल्या डॉक्टरांना न घाबरता सांगा. पिंपळीसारखं साधं वाटणारं द्रव्यही इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं.

दूध

"राग, शोक आणि बाळाबद्दल माया नसणं यांनी बाईचं दूध जातं," असं सुश्रुत म्हणतो. मला हे विधान दोन तऱ्हांनी महत्त्वाचं वाटतं. एक, ते खरं आहे: ताणाखाली असलेल्या आईचा पान्हा अडतो, कारण दूध बाहेर ढकलणारं ऑक्सिटोसिन ताणात नीट सुटत नाही. दुसरं, 'माया नाही' हे तिच्या स्वभावावर ढकलून मोकळं व्हायचं नाही. बाळंतपणानंतर येणारं नैराश्य हा आजार आहे. पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड हे बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही मन लागत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर ताबडतोब मदत घ्यायची. टेलीमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते.

शतावरी दुधासाठी दिली जाते. तिच्यावर छोट्या चाचण्या झाल्या आणि निकाल उलटसुलट आले: १९९६ साली भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात आलेल्या चाचणीत फरक दिसला नाही, २०११ सालच्या दुसऱ्या चाचणीत दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं. दुधाचा मुख्य हिशेब बाळाच्या ओढण्यावर चालतो. बाळ जितक्या वेळा आणि जितकं नीट तोंडात घेऊन ओढेल तितकं दूध. शतावरी त्याच्या जोडीला. कल्प घेणार असाल तर डब्यावर साखरेचं प्रमाण बघा, बहुतेकांत तीच जास्त असते. गरोदरपणात मधुमेह झालेल्यांनी कल्प आणि गुळाचे लाडू दोन्ही जपूनच घ्यावेत आणि सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी चुकवू नये.

अळीव, खारीक, पालेभाज्या यांत लोह आहे, पण बाळंतपणात गेलेलं रक्त भरून काढायला ते पुरत नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना मुळातच रक्तक्षय आहे. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह-फॉलिकच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस घ्यायच्या, दोन्ही वेगवेगळ्या वेळी, लाडू असले तरीही.

काय सोडून द्यायचं

बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, 'पोट सुटतं' म्हणून. ग्रंथांचा रोख कोमटावर आहे, तहान मारण्यावर नाही. सुश्रुताचं ते अत्यपतर्पण इथे आठवा. दूध पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. तहानेला कोमट पाणी भरपूर प्यावं.

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि खिडक्या-दारं घट्ट बंद. ही जीवघेणी जोडी आहे. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही आणि बंद खोलीत आई-बाळ दोघंही झोपेतच जाऊ शकतात. ओवा-वावडिंगाची धुरी काश्यपाच्या धूपकल्पात शोभते, पण नवजात बाळाच्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरे. वारा नको याचा अर्थ हवा नको असा चरकानेही घेतलेला नाही. रुग्णासाठी घर कसं असावं हे सांगताना तो 'निवात (थेट वारा न लागणारं), पण एका बाजूने हवा खेळती' असंच म्हणतो.

बाळाला मध चाटवणं. इथे मात्र ग्रंथातच मध-तूप सांगितलेलं आहे आणि इथे ग्रंथ बाजूला ठेवायचा. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे एक वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. दूध किती लवकर पाजायचं यावर ग्रंथकारांतही एकमत नाही: चरक पहिल्याच दिवशी उजवा स्तन द्यायला सांगतो, सुश्रुत तीन-चार दिवसांनी दूध उतरतं असं मानून तोवर तुपाचे प्रयोग देतो. आज उत्तर स्पष्ट आहे. पहिल्या तासात अंगावर घ्यायचं, चीक वाया घालवायचा नाही.

जे सोडायचं नाही तेही याच ग्रंथांत आहे. बाळंतपणाला चार बायका असाव्यात, वयाने पोक्त, कामात तरबेज आणि नखं कापलेल्या, असं सुश्रुत सांगतो. नखं कापलेल्या! जंतूंचा शोध लागायच्या कितीतरी शतकं आधी. आज बाळंतिणीला भेटायला येणाऱ्यांनी आधी हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर येऊच नये.

दवाखाना कधी

तासाभरात एक पॅड भिजून जात असेल, लिंबाएवढ्या गाठी पडत असतील, ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला असेल, स्रावाला घाण वास असेल, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम येत असेल, झटका आला असेल, छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, तर काढा उकळत बसू नका. १०८ ला फोन करा. डोकेदुखीकडे तर विशेष लक्ष द्या. रक्तदाबाचा आजार बाळंतपणानंतरही उफाळतो आणि गरोदरपणात दाब नॉर्मल होता म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येणं अपेक्षित आहे. बाळाचं वजन-तापमान बघून झालं की आपल्या टाक्यांबद्दल, स्रावाबद्दल, मनाबद्दलही त्यांना सांगा. बेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, रक्तदाब, टाके तपासून घ्या.

त्याच भेटीत गर्भनिरोधनाचं बोलून घ्या. वाग्भटाची 'पाळी परत येईपर्यंत' ही खूण सूतिकाकाळाची आहे, सुरक्षित काळाची नाही. बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते, त्यामुळे एकही पाळी न येता पुन्हा दिवस राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरच पिणारं आणि पाळी अजून आलेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच पाजण्यामुळे मिळणारं संरक्षण भरवशाचं. यातली एक जरी सुटली, वरचं दूध सुरू झालं किंवा सहा महिने उलटले, की दुसरा उपाय हवा. तांबी बसवायची असेल तर पाजण्याला त्याने काही बाधा येत नाही.